चि. बॅकपॅकराव आणि सौ. बॅकपॅकबाई यांना अनावृत पत्र

चि. बॅकपॅकराव आणि सौ. बॅकपॅकबाई यांस,



पत्रास कारण की, आग्नेय आशियाची मोहीम फत्ते करून आपण उभयता पुण्यात सुखरूप परतलात, हे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाचलं. वाचावंच लागलं. बँकॉक, सिएम रीप, होई आन, हनोई, लुआंग प्रबांग, मग थायलंडची बेटं आणि शेवटी बाली, असा आपला दिग्विजय आमच्या फोनवर रोज टिंगटिंग वाजत होता. टँकर किती वाजता येणार आणि लिफ्टच्या दुरुस्तीची वर्गणी कुणाची राहिली, या दोन निरोपांच्या मधोमध आपण समुद्रातून ओलेते वर येताना दिसायचात. त्याबद्दल तक्रार नाही. नव्याची नवलाई आम्हीही पाहिली आहे. पण प्रत्येक फोटोखाली आपण जी दोन वाक्यं लिहीत होतात, त्यांच्यासाठी हा पत्रप्रपंच. पहिलं वाक्य : ‘ग्रुप टूरवाल्यांसारखं नाही हं आमचं!’ आणि दुसरं : ‘दोघांचं मिळून किती स्वस्तात झालं, ओळखा!’

मी ग्रुप टूरवाला. डोक्यावर सहल कंपनीची टोपी आणि गळ्यात बिल्ला घालून आधी बँकॉक-पट्टाया आणि नंतर कंबोडिया-व्हिएतनाम करून आलेला. झेंडा उंच धरलेल्या टूर मॅनेजरच्या मागून मुकाट चाललेला, भर दुपारी पट्टायात श्रीखंड-पुरी हाणलेला आणि ‘काका, बस सुटतेय’ या हाकेसरशी बुद्धाला धावता नमस्कार केलेला. त्यामुळे पहिल्या वाक्याचा रोख कुणाकडे आहे, हे मला बरोबर कळलं. आधी तेच घेऊ.

आपण म्हणता, आपण मळलेली वाट सोडून गेलात. ही वाट मळली कशी, ते तरी ऐका. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे नुकतंच लग्न झालेलं जोडपं १९७२ साली लंडनहून एक जुनी गाडी घेऊन निघालं, ती गाडी त्यांनी काबूलला विकली आणि मजल दरमजल करत वर्षाअखेरीस ते सिडनीला पोचले. खिशात उरले होते २७ सेंट. लोक विचारू लागले, एवढ्या स्वस्तात जमवलंत कसं? म्हणून १९७३ मध्ये त्यांनी एक चोपडं काढलं आणि १९७५ मध्ये सिंगापूरच्या एका साध्याशा हॉटेलात बसून खास आग्नेय आशियावर पुस्तक लिहिलं. पिवळ्या मुखपृष्ठाचं ते पुस्तक पुढे या वाटेवरच्या प्रत्येक पाठपिशवीत जाऊन बसलं. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘लोनली प्लॅनेट’चा मोठा हिस्सा २००७ मध्ये बीबीसीने विकत घेतला. तेव्हा स्वस्तात हिंडण्याची युक्ती सांगणं हा मुळीच स्वस्त धंदा नाही, आणि ‘सगळ्यांपेक्षा वेगळं’ हिंडणाऱ्यांची पन्नास वर्षांची वहिवाट आपल्या पायाखाली होती.

या वाटेला गोरे लोक ‘बनाना पॅनकेक ट्रेल’ म्हणतात, कारण तिच्यावरच्या गेस्टहाउसांत सकाळी केळ्याचं गोड धिरडं हमखास मिळतं. पंढरीच्या वारीत दिंड्यांचे मुक्काम ठरलेले असतात, तसे हिचेही आहेत. बँकॉकला खाओ सान रोड, सिएम रीपला पब स्ट्रीट, हनोईला ओल्ड क्वार्टर. आपण एकही मुक्काम चुकवला नाहीत. गणवेशही अगदी चोख : दोघांच्याही पायांत हत्तीछाप ढगळ पायजमे. देवळात गुडघे झाकलेले लागतात म्हणून घेतलेला पायजमा पुढे बीचवर, बसमध्ये आणि परवा सोसायटीच्या वार्षिक सभेतही दिसला. तो ‘तिथल्या कारागिराकडून घेतला’ असं आपण म्हणालात. चीनमधून येणाऱ्या त्याच्या स्वस्त नकलांनी हैराण होऊन खुद्द थायलंड सरकारला २०२४ मध्ये कारवाई करावी लागली होती. कारागीर नेमका कुठला, ते एकदा लेबल उलटून पाहा.

आणि कंबोडियातलं अंगकोर वाट! पहाटे साडेचारला उठून आपण गेलात आणि लिहिलंत, ‘फक्त आम्ही दोघं आणि सूर्योदय.’ फोटो सुरेख आहे. पण ते तळं मी ओळखतो. देवळाकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला. तिथे रोज पहाटे शेकडो माणसं फोन वर करून उभी असतात, पुढच्या रांगेसाठी कोपराकोपरी चालते, आणि आमची टोपीवाली मंडळी आपल्या मागेच असणार. सूर्य कळसावर आला की सगळा मेळा नाश्त्याला पांगतो. देऊळ खरं पाहायचं ते त्यानंतर. दुसऱ्या सूर्यवर्मा राजाने बाराव्या शतकात विष्णूसाठी उभारलेल्या या देवळाच्या पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचा जवळजवळ ४९ मीटर लांबीचा पट कोरला आहे. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, हातात वासुकी, मध्ये विष्णू, खाली कासव आणि वर अप्सरा. ही गोष्ट आजीकडून ऐकलेल्या माणसाला तिथे गाइड लागत नाही. या देवळाच्या डागडुजीसाठी १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची माणसं राबली आहेत. आपल्या शेकडो फोटोंत तो पट एकदाही दिसला नाही. आमच्या टूर मॅनेजरने मात्र तिथे चाळीस मिनिटं दिली होती, आणि बसही थांबली होती.

‘अस्सल लोकल खातोय’ हेही वाचलं. आपल्या मातोश्री लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा कळलं, की साठ लिटरच्या बॅगेत तळाशी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि थेपले होते आणि व्हिएतनामच्या वाटेवर मेतकूट संपल्यावर व्हिडिओ कॉलवर हळहळ झाली होती. संपणारच. तिकडे भाजीतही फिश सॉस पडतो. पण थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेल्या गाड्या असतात. तिथे मांस, अंडं, फिश सॉस तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणारी आमची सौभाग्यवती तो झेंडा ओळखायला शिकली आणि श्रीखंड-पुरी सोडून दोनदा रस्त्यावर जेवून आली. लोकल, लोकल म्हणतात ते हेच असावं. तिने त्याचा फोटो काढला नाही.

आता दुसरं वाक्य. किती स्वस्तात झालं.

व्हिएतनाममधल्या होई आनच्या बाजारातला आपला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. डोक्यावर शंकूसारखी टोपी घातलेली एक आजी रेशमी कंदील विकतेय. ती कॅल्क्युलेटरवर दोन लाख डोंगचा आकडा दाबून समोर धरते. सौ. बॅकपॅकबाई हसून तो पुसतात आणि एक लाखाचा दाबतात. आजी मान हलवते. बॅकपॅकराव ‘चल, चल’ करत निघाल्याचं सोंग करतात. हे सोंग तुळशीबागेत शिकलेलं, शंकाच नाही. शेवटी सौदा एक लाख वीस हजारांना पटतो आणि पडद्यावर फटाके फुटतात. वाचलेले ऐंशी हजार डोंग म्हणजे, रुपयाला साधारण तीनशे डोंग धरले तर, पावणेतीनशे रुपयांच्या आत. पुढच्याच फोटोत आपण नदीकाठच्या बारमध्ये दोन रंगीत पेले उंचावून बसलेले. त्या बारचं दरपत्रक फोटोच्या कोपऱ्यात दिसतं. दोन पेल्यांचे दोन लाख चाळीस हजार. तिथे कॅल्क्युलेटर निघाला नाही. छापील भावापुढे आपण दोघंही फार शालीन असता. घासाघीस फक्त तिच्याशी, जिच्याकडे छापील दरपत्रक नाही.

हीच तऱ्हा सिएम रीपच्या टुकटुकवाल्याशी. अंगकोरचा एका दिवसाचा पास माणशी ३७ डॉलर. तो आपण निमूट भरलात. आणि दिवसभर उन्हात थांबलेल्या माणसाकडून एक डॉलर कमी करून घेतलात, ‘त्याला काय, तोही खूश झाला’ अशी पुस्ती जोडून. कंबोडियात २०२५ साली कपड्यांच्या कारखान्यातल्या कामगाराचं किमान वेतन महिन्याला २०८ डॉलर होतं. जिथे कमाई अशी, तिथल्या घरात एक डॉलर गेल्याने कोण खूश होतं, हे हिशेबात हुशार असलेल्या आपल्याला मी काय सांगणार! आपली सहल स्वस्त झाली, कारण तिथली मजुरी स्वस्त आहे. त्यात आपलं कर्तृत्व कुठलं?

साऱ्या प्रवासात आपल्याला भावाला पक्का असा एकच व्यापारी भेटला. तो बालीतल्या उलुवाटूच्या देवळातलं माकड. ते चष्मा पळवतं आणि खायला मिळाल्याशिवाय परत देत नाही. शास्त्रज्ञांनी तिथल्या माकडांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की मुरलेली माकडं माणसांना मौल्यवान वाटणारी वस्तूच हेरून पळवतात आणि मनासारखा मोबदला मिळेपर्यंत अडून बसतात. बॅकपॅकरावांचा गॉगल सोडवायला किती केळी लागली, हे मात्र ग्रुपवर आलं नाही.

समुद्रकिनाऱ्यांचं बिल आणखी निराळ्यांच्या नावावर फाटतं. थायलंडमधल्या ‘माया बे’समोरच्या आपल्या फोटोखाली ‘स्वर्ग!’ असं लिहिलं होतं. कुणालाच ठाऊक नसलेल्या बीचच्या शोधात निघालेल्या पाठपिशवीवाल्यांची फजिती अ‍ॅलेक्स गारलंड याने १९९६ मध्ये ‘द बीच’ या कादंबरीत मांडली. २००० मध्ये तिच्यावर चित्रपट आला, त्याचं चित्रीकरण माया बेवर झालं, आणि फजितीची गोष्ट पाहून जगभरातली जोडपी त्याच वाळूवर उतरू लागली. दिवसाला पाच-पाच हजार माणसं आणि स्पीडबोटींचे नांगर यांनी तळची प्रवाळं मोडली. शेवटी जून २०१८ मध्ये थायलंडने तो किनारा बंद केला. माणसं हटल्यावर काळ्या टोकांच्या परांचे शार्क उथळ पाण्यात परत आले. जानेवारी २०२२ मध्ये किनारा उघडला तो अटींसह : बोटी बेटाच्या मागच्या बाजूला लागणार, पोहायला मनाई. फिलिपिन्समधलं बोराकाय तर २०१८ मध्ये सहा महिने कुलूपबंद होतं. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी त्याला चक्क सांडपाण्याचं डबकं म्हटलं होतं. त्या वाळूवर टोपीवाले किती आणि पाठपिशवीवाले किती, हे प्रवाळाने मोजलं नाही.

लुआंग प्रबांगच्या फोटोवर मात्र थट्टा सुचत नाही. पहाटे भगव्या वस्त्रांतले भिक्षू अनवाणी रांगेने येतात. रस्त्याकडेला गुडघे टेकून बसलेल्या बायका बांबूच्या टोपलीतून चिकट भाताचा घास प्रत्येकाच्या पात्रात घालतात. कुणी बोलत नाही. अंतर ठेवा, फ्लॅश वापरू नका, भिक्षूंच्या वाटेत उभे राहू नका, असे फलक त्या शहराने लावले आहेत. आपल्या फोटोत पात्राच्या कडेवर आपल्या फ्लॅशचा पांढरा ठिपका आहे. आळंदीला पालखीच्या वेळी कुणी परदेशी पाहुणा वारकऱ्याच्या तोंडासमोर असा उभा राहिला असता, तर बॅकपॅकराव, आपणच त्याला चार शब्द सुनावले असते.

आता अहो-जाहो पुरे. पोरांनो, एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. तुम्ही ज्यांच्या घरात राहता, ज्यांच्या गाडीवर जेवता, त्यांच्या हातात पैसे थेट पडतात. आमच्या सहलीत हॉटेल, बस, जेवण सगळं मुंबई-पुण्यातच ठरलेलं. गल्लीतल्या माणसाला आमच्याकडून पाण्याची बाटली आणि चुंबकाचं खेळणं यापलीकडे फार मिळत नाही. त्या गावाच्या दृष्टीने तुमची रीत आमच्यापेक्षा उजवी ठरू शकते. पण मग तीच रीत वापरून त्याच माणसाच्या हातातले पावणेतीनशे रुपये काढून घेऊ नका.

तेव्हा पुढच्या खेपेला जरूर जा. या वयातच जायचं असतं, आमच्या गुडघ्यांना रात्रभराची स्लीपर बस झेपत नाही. खांद्यावर ओझं घेऊन, अनोळखी गावात पत्ता विचारत, एकमेकांवर न खेकसता इतके दिवस काढलेत, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण गेल्यावर आजीने सांगितलेला भाव द्या. फलक लावला असेल तिथे फोन खिशात ठेवा. समुद्रमंथनासमोर निदान अर्धा तास उभे राहा. आणि परत आल्यावर सहल किती स्वस्तात झाली ते सोसायटीला सांगू नका. काय पाहिलंत ते सांगा. आम्ही चहा टाकू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बी विंग, दुसरा मजला
(टोपी अजून जपून ठेवली आहे)

ता. क. : माया बे दर वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये बंद असतो. तेव्हा तिकिटं स्वस्त मिळतात खरी, पण काढू नका.