निवेदनाची पोच

आमच्या घरात प्राथमिक शिक्षक संघटनेच्या तालुका शाखेच्या सहसचिव राहतात. माझं त्यांच्याशी लग्न झालं तेव्हा त्या नुसत्या बाई होत्या. पद पुढे आलं, आणि पदाबरोबर माझ्याकडे स्कूटर चालवण्याची जबाबदारी आली. त्यामुळे दर जूनमध्ये, शाळा उघडायच्या तोंडावर भरणाऱ्या सभेत मी मागच्या बाकावर असतो. सभासद नसल्यामुळे मला मत नाही, पण चहा मिळतो.

मत नसल्याचं दुःख मात्र तिथे कोणापुढे सांगायची सोय नाही. आपल्या विधान परिषदेत शिक्षकांनी निवडून दिलेले सात आमदार बसतात. त्यांना मत देण्याचा हक्क माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. राज्यघटनेतच तसं लिहिलेलं असल्यामुळे प्राथमिकचे गुरुजी त्यात बसत नाहीत. निवडणूक आली की मतदान केंद्रावर बसायला मात्र गुरुजीच लागतात. दुसऱ्याच्या बोटाला शाई लावण्यात या मंडळींचा हात कोणी धरू शकणार नाही.

सभेचे विषय फळ्यावर लिहिलेले असतात, आणि ते अक्षर इतकं सुरेख असतं की विषय वाचायचं राहून जातं. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम होतं. वर्गणीची पावतीपुस्तकं वाटली जातात. जुन्या पेन्शनचा ठराव एकमताने होतो. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागलेले त्याचे सूचक असतात आणि नंतर लागलेले अनुमोदक. पहिल्यांच्या आवाजात सहानुभूती असते, दुसऱ्यांच्या आवाजात दम.

खरी बहार येते ती प्रवेशोत्सवाच्या विषयाला. पहिलीची नवी मुलं बैलगाडीतून आणायची की ट्रॅक्टरमधून, औक्षण सरपंचबाईंनी करायचं की अंगणवाडीताईंनी, पुस्तकं पहिल्याच दिवशी हातात पडतील ना, गणवेशाचं काय. एरवी घोषणा देणारी माणसं इथे एकदम लग्नघरातली होतात. ‘‘माझ्याकडे यंदा पहिलीला सात आहेत,’’ एक बाई सांगतात. ‘‘माझ्याकडे दोन. त्यातला एक दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणार,’’ दुसरे सर सांगतात, आणि सभागृह मनातल्या मनात त्यांचा पट वजा करून बघतं.

पटाची ही धास्ती बाहेरच्याला कळायची नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. एकसष्टावं मूल आलं की तिसरा. त्यामुळे गावात कोणाकडे पाळणा हलला याची बातमी सुईणीच्या खालोखाल गुरुजींना असते. सहा वर्षांनी संचमान्यतेत कोण राहील आणि कोण ‘अतिरिक्त’ ठरेल, हे त्या पाळण्यात पहुडलेलं असतं. मग इंग्रजी माध्यमाची पिवळी बस गावात शिरते आणि चार मुलं उचलून नेते. त्या बसचा विषय निघाला की सगळे चिडतात. स्वतःची मुलं त्याच बसमध्ये बसवणारेही चिडतात. मागच्या बाकावर बसण्याचा फायदा हा की असल्या गोष्टी नीट दिसतात.

अलीकडे या सभेत एक नवाच विषय आला आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पास होणं बंधनकारक ठरलं. दीडशे प्रश्न, अडीच तास. चाळीस वर्षं ओलांडलेली माणसं बालमानसशास्त्राची गाइडं पिशवीत घालून फिरू लागली. शेजारच्या शाळेतल्या एका सरांना टीईटीचे डावपेच त्यांचाच जुना विद्यार्थी शिकवतो. त्याने म्हणे पहिल्याच दिवशी त्यांना पाठांतराबद्दल टोकलं. बढती नको असेल तर निवृत्ती जवळ आलेल्यांची यातून सुटका आहे, म्हणून माणसं अभिमानाने वय वाढवून सांगताना मी इथेच पाहिली. पन्नाशीच्या एक बाई चोपन्न वर्षांच्या बाईंकडे ज्या नजरेने बघत होत्या, तिला हेवा हाच शब्द आहे.

आणि मग शेवटचा, कायमचा विषय: अशैक्षणिक कामे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे. शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम देऊ नये, असं ते कलम म्हणतं, आणि लगेच जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांना त्यातून वगळतं. २०२१ ची जनगणना लांबत लांबत २०२७ वर आली आहे, तेव्हा यंदा त्या वगळण्याला धार आहे. उरलेली कामं कलमात नाहीत, मोबाइलवर आहेत. सोबतच्या लिंकवर माहिती भरा, अत्यंत तातडीचे, आज दुपारी चारपर्यंत, निरंक असल्यास निरंक कळवा. तांदळाचा शिल्लक साठा, नळाच्या तोट्या, लावलेली झाडं, जगलेली झाडं, झाडासोबत मुलाचा फोटो. सहसचिव आमच्याकडे रात्री जेवताना डाव्या हाताने ‘निरंक’ टाइप करतात, हे मी शपथेवर सांगू शकतो.

या सगळ्याविरुद्ध दरवर्षी निवेदन द्यायचं ठरतं, आणि ते लिहायचं काम एका ज्येष्ठ गुरुजींकडे जातं. त्यांची भाषा म्हणजे धुतलेलं धोतर. ‘वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन की’ इथपासून ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ इथपर्यंत एक अनुस्वार इकडचा तिकडे होत नाही. सोबत तक्ता जोडतात: कोणत्या महिन्यात कोणती माहिती किती वेळा मागवली, आणि तीच माहिती आधी कधी दिली होती. समासात रेघ पट्टीने मारलेली.

एकदा मी त्यांना म्हटलं, ‘‘गुरुजी, या मागणीचा इतिहास तुमच्या बाजूचा नाही.’’ १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षकाला बारा रुपयांहून कमी पगार नसावा असं सांगितलंय. नांगर धरायची आणि सुताराची वाकस चालवायची लाज न वाटणारे शिक्षक त्यांना हवे होते. पण त्याच निवेदनात त्यांनी असंही सुचवलंय की गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, टपाल सांभाळणं, मुद्रांक विकणं अशी कामं शिक्षकाकडे द्यावीत. त्याने गावात त्याचं वजन वाढेल.

गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. चष्मा पुसला.

‘‘म्हणजे सुरुवात आपल्याच माणसाने केली?’’ ते म्हणाले. मग मान हलवली. ‘‘नाही हो. त्यांनी काम सांगितलं, त्याबरोबर मान आणि दाम सांगितला. काम तेवढं आमच्यापर्यंत पोचलं. बाकीचं वाटेत पंचायत समितीत असेल.’’

मला स्वतःला वाटतं, गोची निराळीच आहे. दिलेल्या मुदतीत, सुवाच्य अक्षरात, बेरीज जुळवून कागद परत करणारी माणसं गावात आहेतच किती? तलाठ्याकडे चार गावं, ग्रामसेवक मीटिंगला गेलेले. उरले गुरुजी, आणि त्यांनी आजवर एकही काम धड बिघडवून दाखवलेलं नाही. एकदा झाडं मोजताना दोन-चार हजारांची चूक केली असती तर पुढची लिंक दुसऱ्या कोणाला गेली असती. पण बेरीज चुकवणं यांच्या अंगात नाही. वर्षभर मुलांच्या वह्यांत दुसऱ्यांच्या चुकांवर लाल गोल करणाऱ्या माणसाने मुद्दाम चूक करायची तरी कशी?

गेल्या खेपेला शिष्टमंडळाबरोबर मीही साहेबांच्या दालनापर्यंत गेलो होतो, गाडीची किल्ली फिरवत. साहेबांनी निवेदन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. अशी निवेदनं कोणी वाचत नाही, म्हणून सगळ्यांना आशा वाटली. तक्त्यावर तर त्यांनी बोट ठेवून रकाने तपासले. मग पोच दिली, शिक्का मारला, तारीख घातली आणि मान वर करून विचारलं,

‘‘हे कोणी तयार केलंय?’’

सगळ्यांनी कौतुकाने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी संकोचून अर्धे उभे राहिले.

‘‘वा!’’ साहेब म्हणाले. ‘‘तालुक्याचा वार्षिक अहवाल जिल्ह्याला पाठवायचा राहिलाय. तुम्ही सोमवारपासून दोन दिवस इकडेच या. येताना ती पट्टी आणा.’’