मोटारीला म्हणे मिस्ड कॉल!

ऐकलंत का? आमच्या बाजारहत्नूरात आता मोटारींनाही फोन आलेत. परवा बाजारात मी गवारीचा भाव करतेय, तर आमच्या ह्यांनी खिशातून फोन काढून एक मिस्ड कॉल दिला. मी म्हटलं, कुणाला? तर बोअरच्या मोटारीला! दोन कोसांवरच्या! पाठोपाठ एका बाईचा गोड आवाज: मोटार सुरू झाली आहे. बायकोचा फोन पाचव्यांदाही न उचलणारा हा गृहस्थ त्या बाईचं बोलणं मात्र दुसऱ्या कानावर हात ठेवून ऐकतो.

आणि साधा स्टार्टर कुणाला नकोच. मोबाईल स्टार्टर निवडायचा म्हणजे जावई बघण्याइतकी चौकशी. फेज गेला तर कळवतो का? पाणी खाली गेलं तर मोटार कोरडी फिरू देत नाही ना? सिमला आपल्या शिवारात रेंज येते का? आमच्या शेजाऱ्यांनी रेंजसाठी ॲन्टेना लिंबाला टांगलाय. आता लिंबाला राखी बांधायची तेवढी राहिली.

याचं मूळ पुण्यात, बरं का. संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ काढलं ते आजोबांची मोटारीपायी होणारी पायपीट बघून. हेतू किती सात्त्विक! रात्री साप-विंचवात जाणं वाचलं, हे मीही नाकारत नाही. पण म्हणून पाच एचपीच्या मोटारीसाठी एवढं कौतुक?

माझा भाचा थर्मल वीजकेंद्रात कंट्रोल रूमला आहे. त्याला म्हटलं, इकडची माणसं येडी झालीत. तो म्हणाला, “मावशी, आमच्याकडं तेच, फक्त आकडे मोठे.” तिथे म्हणे यंत्रं चालवणाऱ्या संगणकांचे पीएलसीवाले आणि डीसीएसवाले असे दोन व्याही. पीएलसी मोटारगाड्यांच्या कारखान्यातून आलेलं, १९६८ च्या सुमाराचं. डीसीएस १९७५ चं, हनीवेल आणि योकोगावा दोघांनी एकाच वर्षी आणलेलं. साहेबलोक स्क्रीनवरचे रंग बघून भाळतात, आणि वीस वर्षांनी सुटं कार्ड मिळेल का, बिघडलं तर माणूस किती तासांत येईल, हे विचारायचं राहून जातं. (आमच्यातही मुलीकडचे आधी बंगलाच बघतात.) महत्त्वाच्या जागी एकच माप तीन-तीन यंत्रांनी घेतात आणि तिघांतल्या दोघांचं खरं मानतात. म्हणजे पंचायतच की!

पण खरी गोम त्यानं पुढे सांगितली. चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॅटचं. तसल्या ठिकाणी काहीही एकदम सुरू होत नाही. आधी धूर ओढणारा पंखा, मग हवा देणारा, मग भट्टीतला उरलासुरला वायू बाहेर, मगच जाळ. एकानं ‘मी तयार’ म्हटल्याशिवाय दुसरा हलत नाही. आणि आमच्याकडे? एका डीपीवर (म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर) चाळीस मोटारी, चाळीस शहाणे डबे, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. सगळे ऑटोवर ठेवलेले, करंट आला की एकदम सुरू. उठताना मोटार पाच-सहापट करंट ओढते. बिचाऱ्या डीपीनं करायचं काय?

आमच्या तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास वीज आली, तेव्हा सरकारनंच विनवलं होतं, ऑटो स्टार्टर काढा, जमिनीतलं पाणी उपसून जाईल. तिकडे महाराष्ट्रात किनवटकडे महावितरणही कानीकपाळी ओरडतं: ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. ऐकतंय कोण?

शेवटी भाच्याच्या सांगण्यावरून आमच्या डीपीवाल्यांनी मारुतीच्या पारावर बैठक घेतली. डब्यात टायमर असतोच. ठरलं, एकानं दोन मिनिटांनी, दुसऱ्यानं चार, तिसऱ्यानं सहा. शेवटचा नंबर कुणाचा यावर दोन भाऊबंदांत जुना बांध पुन्हा उकरला गेला, पण झालं एकदाचं. सगळ्यांनी मान डोलावली.

चारच दिवसांनी हरिपाठ चालू असताना लाईन गेली आणि दहा मिनिटांनी आली. टाळ थांबायच्या आत सगळ्या देवळात खिशाखिशातून एकच बाई बोलायला लागली: मोटार सुरू झाली आहे, मोटार सुरू झाली आहे. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मारुतीकडे बघितलं.

तेवढ्यात शिवाराकडून ‘धप्प’ आवाज आला. बाई पुन्हा बोलल्या: थ्री फेज उपलब्ध नाही.