स्क्रीनला कोण कळवणार?

काशीच्या मणिकर्णिका घाटावर चिता रात्रंदिवस जळतात. गल्लीतून येणाऱ्या तिरड्या, लाकडाच्या वखारी, वजनकाटे, डोम समाजाने सांभाळलेला अग्नी, हे सारं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी हा घाट बांधून काढला. आज मात्र इथे अग्नी दिलेला माणूस सरकारदरबारी मेला की नाही, हे घरच्यांना कळतं एका स्क्रीनवरून. त्या स्क्रीनबद्दल मला आज ठणकावून बोलायचं आहे.

आधी कायदा बघू. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. त्यानुसार मृत्यू जिथे घडला, तिथेच त्याची नोंद होते आणि मुदत असते 21 दिवसांची. साताऱ्याहून काशीयात्रेला गेलेल्या आजोबांनी तिथेच डोळे मिटले, तर नोंद वाराणसीत. घरचे मात्र दिवसकार्यासाठी साताऱ्याला परतलेले. बँक, विमा, पेन्शन, सातबाऱ्यावर वारसांची नावं, सगळं मृत्यूच्या त्या एका दाखल्यावाचून अडलेलं. सुधारित कायदा 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाला आणि नोंदणी डिजिटल झाली. उत्तम झालं. हजारावर किलोमीटर लांब असलेल्या मुलीला दाखल्यासाठी खेटे घालायला लागू नयेत, हे योग्यच आहे. पण मग तिच्या मोबाइलवर उमटणारी ओळ खरी असली पाहिजे. ‘प्रलंबित’ म्हणजे खरोखर प्रलंबित. ‘नोंद झाली’ म्हणजे खरोखर झाली.

ही ओळ खरी ठेवण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरची.

पूर्वी प्रोग्रॅमर स्क्रीनला एकेक हुकूम सोडायचा: इथलं पूस, तिथे हे लिही. आता तो फक्त नातं लिहून ठेवतो: या चौकटीत अर्जाची स्थिती दिसेल. स्थिती बदलली की चौकट बदलेल. क्यूटीचं क्यूएमएल 2010 मध्ये आलं, रिअ‍ॅक्ट 2013 मध्ये, अ‍ॅपलचं स्विफ्टयूआय 2019 मध्ये. स्क्रीन घडवण्याच्या या सगळ्या साधनांची रीत हीच. माहिती वेगळी ठेवा आणि तिचं दर्शन वेगळं, हा विचार त्याहून जुना. नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी तो सत्तरच्या दशकाअखेर झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात मांडला.

विचार उत्तम आहे. घात होतो तो पुढची स्क्रीन आणि मागची माहिती जोडताना.

क्यूएमएलचंच घ्या. पुढे एकच ओळ लागते: या चौकटीतला मजकूर म्हणजे नोंदीची स्थिती. मागे सी प्लस प्लस भाषेत ती स्थिती प्रॉपर्टी म्हणून जाहीर करायची. ती कुठून वाचायची हे सांगायचं आणि बदलली की कोणता सिग्नल, म्हणजे बदलाची वर्दी, सुटेल हेही सांगायचं. मग स्थिती बदलणाऱ्या फंक्शनमध्ये, किंमत खरंच बदलली आहे ना एवढं तपासून, तो सिग्नल सोडायचा. सिग्नल सोडणारी ती शेवटची ओळ राहून गेली तर? प्रोग्रॅम बिनतक्रार कंपाइल होतो. चालतोही. स्क्रीन उघडताना पहिली किंमत बरोबर दिसते, म्हणून चाचणी करणाराही खूश. पुढे मागच्या बाजूला दाखला तयार होतो आणि समोर ‘प्रलंबित’ तसंच राहतं. स्क्रीन बिचारी काय करणार? तिला कोणी कळवलंच नाही.

कायदा करणाऱ्यांना ही गोष्ट 1969 मध्येच उमगली होती. त्या कायद्याचं कलम 10 वाचा. दहन-दफनाची जागा सांभाळणाऱ्यावर मृत्यूची खबर निबंधकाला देण्याचं कर्तव्य त्यात घातलेलं आहे. निबंधकाने एकट्यानेच घाटोघाट विचारत फिरावं, अशी अपेक्षा नाही. ज्याच्या डोळ्यांसमोर घडलं, त्याने कळवायचं. ही साखळी तुटली की काय होतं, ते आपण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे 2021 मध्ये पाहिलं. स्मशानांत मोजलेले मृतदेह आणि सरकारी आकडे यांचा मेळ बसत नसल्याच्या बातम्या देशातल्या कितीतरी शहरांतून येत होत्या. माणसं गेली होती. आकड्यांना त्याची गंधवार्ता नव्हती.

दुसरी चूक याहून वाईट. ‘सादर करा’ हे बटण दाबताच प्रोग्रॅमर त्याच चौकटीत हाताने लिहून टाकतो: ‘नोंद झाली’. सर्व्हरचं उत्तर यायच्या आधीच! क्यूएमएलमध्ये असं थेट लिहिलं की त्या चौकटीचं मागच्या माहितीशी असलेलं नातंच तुटतं. त्यानंतर सर्व्हरने अर्ज फेटाळला तरी स्क्रीन ‘नोंद झाली’ हेच दाखवत राहते. घरचे निर्धास्त होतात, 21 दिवस उलटतात आणि मग विलंब शुल्क, परवानग्या, कागदपत्रं सुरू होतात. एका घाईच्या ओळीची किंमत सुतकातलं घर मोजतं. बटणाने फक्त मागे निरोप द्यावा. निकाल मागून यावा आणि मगच तो स्क्रीनवर दिसावा. उत्तर येईपर्यंत ‘पाठवलं आहे, उत्तराची वाट पाहत आहोत’ असं स्पष्ट लिहायला काय हरकत आहे?

तिसरी चूक शून्याची. पावसाळ्यात गंगा चढली की मणिकर्णिकेचे खालचे चौथरे बुडतात, दहन वरच्या छतावर करावं लागतं आणि लोक तासन्‌तास खोळंबतात. समजा, तिथे ‘मोकळे चौथरे’ दाखवणारा फलक बसवला. इंटरनेट गेलं. फलकावर काय दिसेल? मागच्या कोडने सुरुवातीची किंमत शून्य ठेवली असेल तर शून्य, नाहीतर पूर येण्याआधीचा सकाळचा आकडा. दोन्ही खोटं. जागा नाही असं समजून कोणी तिरडी घेऊन दुसऱ्या स्मशानघाटाकडे, हरिश्चंद्र घाटाकडे वळेल, कोणी बुडालेल्या चौथऱ्याकडे उतरेल. ‘माहिती मिळालेली नाही’ ही स्वतंत्र स्थिती आहे. मागच्या कोडमध्ये तिला जागा द्या आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कधीचा आहे ती वेळ छापा.

यातलं काहीही अवघड नाही. महागही नाही. तरी ते राहून जातं, कारण खरेदी करणारे फक्त पुढची बाजू पाहतात. सादरीकरणाच्या दिवशी रंग बघतात, लोगो केवढा आहे ते बघतात, बटण दाबलं की हिरवी खूण येते ना ते बघतात आणि बिल मंजूर करतात. जोडकाम कोणी तपासतच नाही.

म्हणून महाराष्ट्रातल्या आणि बाहेरच्याही प्रत्येक महापालिकेच्या संगणक विभागाला माझं सांगणं आहे. पुढच्या सादरीकरणात माउसला हात लावू नका. थेट डेटाबेसमध्ये एका नोंदीची स्थिती बदला आणि स्क्रीन आपणहून बदलते का ते बघा. मग एक अर्ज मुद्दाम फेटाळा आणि हिरवी खूण येत नाही ना याची खात्री करा. मग नेटवर्कची तार काढा आणि शून्य दिसतं की ‘माहिती मिळालेली नाही’ असं दिसतं ते वाचा. या तिन्ही परीक्षा दहा मिनिटांत होतात. त्या निविदेच्या अटींत लिहा. यांतल्या एकीतही जी प्रणाली नापास होईल, तिचं बिल थांबवा.