किलोवॉट अंकल

वसईतल्या गासमध्ये अंकल कुणाच्याही घरी गेले की आधी मान वर करून स्लॅब बघतात. बाप्तिस्म्याचं जेवण असो नाहीतर सांत्वनाची भेट, चपला काढायच्या आत शेरा तयार असतो, "दक्षिण मोकळी आहे हां तुझी!" जन्मभर बँकेत लोकांची खाती जुळवली, निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते. फेब्रुवारी 2024 मध्ये गच्चीवरच्या सोलरला अनुदान देणारी प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली आणि अंकलना कामाला तोटा राहिला नाही.

किती किलोवॉट लावायचे याचा हिशेब वरवर पाहता चौथीतल्या पोराचा. वर्षाच्या युनिटांना बाराने भागायचं. आपल्याकडे एक किलोवॉट महिन्याला साधारण 120 युनिटं देतो, म्हणून पुन्हा 120 ने भागायचं. महिन्याला 300 जळत असतील तर अडीच किलोवॉट. अर्धं पॅनेल कुणी विकत नाही, म्हणून 540 वॉटची पाच बसवायची. दर किलोवॉटला शंभरेक चौरस फूट जागा लागते. एजंट इथे सही घेऊन निघून जातो. अंकल इथे खुर्ची पुढे ओढतात.

"बिल आण. बारा महिन्यांचा वापर असतो ना, ते पान."

मग चष्मा कपाळावरून नाकावर.

"नोव्हेंबरात एकदम 90? घर बंद होतं?"

"मुलीच्या बाळंतपणाला गेलो होतो, अंकल."

"बरं. मे महिन्यात 480?"

"मुंबईची मंडळी आली होती सुट्टीला."

"दर वर्षी येतात?"

सासूबाई सुनेकडे बघतात, सून पंख्याकडे. अंकलना त्याचं काही नाही. वहीत लिहितात, 'मे – पाहुणे – कायम.' विहिरीचा पंप घरच्या मीटरवर आहे का, वाडीला पाणी कोण सोडतं, रात्री एसी कितीला बंद होतो, मुलाच्या लग्नाचं कुठवर आलं, सगळं विचारतात. पाद्रीबाबाही कन्फेशनमध्ये एवढं खोदून विचारत नाहीत.

एका घरी तर तीन किलोवॉट ठरत आले होते. तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "आमच्या खोलीचा एसी पुढच्या वर्षीपासून धरू नका." मुलगा-सून कॅनडाला निघालेत, हे म्हाताऱ्यांना असं कळलं. आईने पदर डोळ्यांना लावला. अंकलनी खोडरबर काढलं आणि एक किलोवॉट कमी केला.

माडांचं प्रकरण वेगळं. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला अंकल खडू घेऊन गच्चीवर जातात आणि सावलीची कड आखतात. डिसेंबरात सूर्य खाली असतो, सावली लांबते, म्हणून तेव्हा पुन्हा एक फेरी. एका पॅनेलवर झावळीची सावली पडली तरी त्याच्या माळेतली बाकीची मंदावू शकतात. तरीही 'माड तोडा' हे त्यांच्या तोंडून निघायचं नाही. वसईचाच माणूस, पॅनेल सरकवेल.

त्यांचं खरं भांडण आहे ते अनुदानाशी. ते तीन किलोवॉटला 78,000 रुपयांवर थांबतं, म्हणून उठसूट सगळ्यांना तीनच हवे. अंकल चिडतात, "सेल आहे म्हणून दहा नंबरचा बूट घेशील काय रे?" उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात, पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा कामी येतात. पण 31 मार्चला वर्षाचा हिशेब मिटतो आणि शिल्लक युनिटांना महावितरण देतं तो भाव अगदीच किरकोळ. वीज गेली की लाइनमनच्या जिवासाठी साधी सोलर यंत्रणाही बंद पडते, हेही ते प्रत्येकाला सांगतात. प्रत्येक जण मान डोलावतो आणि पहिल्यांदा वीज गेली की त्यांनाच फोन लावतो.

आता त्यांच्या स्वतःच्या स्लॅबवर किती? तीन. घरात माणसं दोन. 'पोरं येतील, नातवंडांना एसी लागेल' म्हणून त्यांनी स्वतःच्या वहीत तीन माणसं जास्त धरली होती. त्यामुळे मार्च उजाडला की अंकलच्या घरी एसी दिवसाढवळ्या चालतो, मिक्सरवर गरज नसलेले मसाले दळले जातात आणि शेजाऱ्यांना कपडे इस्त्रीला आणायचं आग्रहाचं आमंत्रण असतं. आंटी स्वेटर घालून बसतात.

तरी हिशेबाला माणूस हाच घ्यावा. फुकट येतो, चहावर भागतं, आकडा बरोबर निघतो. फक्त बारा महिन्यांची बिलं काढून ठेवा, आणि घरातलं जे काही सांगायचं राहिलं असेल ते अंकल यायच्या आदल्या दिवशी घरच्यांना सांगून टाका.