माननीय कनिष्ठ सदस्यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय कनिष्ठ सदस्य (वय वर्षे 2),
मुक्काम जेवणाच्या टेबलाखाली.

विषय: घरातील प्रौढ सदस्यांच्या तक्रारी व त्यांवरील अभिप्राय.

दोन वर्षांचे मूल असलेल्या घरातला दिवस पहाटे साडेपाच ते सकाळी सातच्या दरम्यान केव्हाही सुरू होतो. वेळ ठरवण्याचा अधिकार माननीय सदस्यांकडे असून तो त्यांनी आजवर कोणालाही दिलेला नाही. रविवारी ही वेळ मुद्दाम अलीकडे ओढली जाते, ही प्रौढांची पहिली तक्रार. ती टिकत नाही. रविवार हा काही वेगळा वार असतो हेच माननीय सदस्यांना मान्य नसल्याने मुद्दामपणा सिद्ध होत नाही. झोप पुरत नाही, या तक्रारीच्या दुसऱ्या भागाचीही तपासणी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या वयाच्या मुलाला चोवीस तासांत, दुपारची झोप धरून, 11 ते 14 तास झोप हवी. रात्री नऊला झोपून सकाळी सहाला उठणाऱ्या आणि दुपारी दोन तास काढणाऱ्या सदस्यांचे 11 तास भरतात. भरत नाहीत ते प्रौढांचे. मूल झोपल्यावर हाती आलेला वेळ मोबाइलवर दुसऱ्यांच्या मुलांचे व्हिडिओ बघण्यात गेला, ही बाब तक्रारअर्जात नमूद नाही.

सकाळ कपडे, बूट आणि दात यांत जाते. घरातल्या कोणाला तरी आठ बाराची लोकल गाठायची असते आणि नेमक्या त्याच वेळी माननीय सदस्य शर्टाचे बटण स्वतः लावायला घेतात. बटण लागत नाही. कोणी मदत केली तर शर्ट काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसन यांनी 1950 साली आपल्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात साधारण दीड ते तीन वर्षांच्या वयाला स्वायत्ततेचा टप्पा म्हटले. या वयात मूल स्वतःची कामे स्वतः करून पाहते. दर वेळी हातातले काम काढून घेतले गेले, तर त्याच्या मनात स्वतःविषयीच शंका रुजते. ‘माझं मी’ ही घोषणा याच टप्प्यावरची. प्रौढांचे म्हणणे असे, की स्वायत्तता तत्त्वतः मान्य आहे, फक्त आठ वाजून पाच मिनिटांनी नको. सगळे पंधरा मिनिटे आधी सुरू करावे, हा उपाय त्यांच्या अर्जात कुठेही आलेला नाही.

सर्वांत जाड फाइल जेवणाची आहे. ‘काही म्हणजे काही खात नाही’ हे वाक्य तिच्यात निरनिराळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा येते. याबाबतची वस्तुस्थिती अशी. जन्मतः तीन किलोच्या आसपास असलेले मूल पहिल्या वाढदिवसापर्यंत साधारण तिप्पट होते. त्यानंतर वाढीचा वेग उतरतो. दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोंचीच भर पडते आणि वेगाबरोबर भूकही उतरते. तिपटीचा क्रम तसाच चालू राहिला असता, तर तिसऱ्या वाढदिवसाला माननीय सदस्यांचे वजन 81 किलो भरले असते आणि त्यांना कडेवर घेऊन भरवण्याचा प्रश्नच उरला नसता. ‘याचा बाप या वयात दोन पोळ्या खायचा’ अशी आजींची साक्ष आहे. संबंधित बापाकडे विचारणा केली असता त्याला काही आठवत नव्हते.

नव्या पदार्थाला नाही म्हणणे हेही या वयाचे लक्षण आहे. साधारण दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान मुले अनोळखी चव दूर ढकलतात. कडू चवीचा तिटकारा तर जन्मजात असतो, त्यामुळे मेथीच्या भाजीवर वैयक्तिक राग धरला जातो असे म्हणता येत नाही. तीच भाजी थोडी थोडी, जबरदस्ती न करता, आठ-दहा वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा पानात आली म्हणजे पुष्कळ मुले ती खाऊ लागतात. घरोघरी मात्र दोनदा नाकारलेला पदार्थ ‘आवडत नाही’ या यादीत जातो आणि ही यादी माननीय सदस्यांच्या समक्ष प्रत्येक पाहुण्याला वाचून दाखवली जाते. आपल्याला काय आवडत नाही हे इतक्या वेळा ऐकल्यावर कोणीही ते पाठ करेल.

अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी या वादावर अधिकारांची वाटणी सुचवलेली आहे: काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे; खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. मराठी घरात ही वाटणी बरोबर उलटी चालते. काय हवे हे माननीय सदस्यांना विचारले जाते (‘पोहे देऊ? शिरा करू? मग डोसा?’), आणि किती खायचे हे आजी ठरवतात. काऊचा घास आणि चिऊचा घास संपले, की आत्या, मामा, समोरची मनीमाऊ आणि जुन्या सोसायटीतला वॉचमन यांच्या नावाने घास निघत राहतात. आधी भाजी, मग चॉकलेट, हा करार तर प्रौढांनी स्वतःच मांडलेला आहे. भाजी ही सोसायची गोष्ट असून तिची भरपाई द्यावी लागते, हे त्यातून माननीय सदस्यांना कळते.

घशात अडकण्याच्या वस्तूंबाबत प्रौढांची बाजू आणखी लंगडी आहे. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, न चिरलेली द्राक्षे देऊ नयेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. जमिनीवर सापडलेला फुटाणा तोंडात घातल्याबद्दल माननीय सदस्यांवर गंभीर ठपका आहे. परंतु संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान याच प्रौढांनी त्यांना काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवले, डोक्यावरून बोरे, हरभरे, शेंगा, उसाचे करवे आणि चुरमुरे ओतले, फोटो काढले, आणि उरलेली संध्याकाळ त्यांच्या तोंडात बोट घालून बोराच्या बिया शोधण्यात घालवली. बोरन्हाणाची कल्पना कोणाची होती, याची नोंद फोटोंच्या खाली आहेच.

चमचा खाली टाकणे, उचलून दिला की पुन्हा टाकणे, ही तक्रार स्वतंत्र घेतली आहे. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे (1896–1980) यांनी स्वतःच्या तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण करून दाखवले, की साधारण बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान मूल तीच कृती थोडी थोडी बदलून पुन्हा पुन्हा करते आणि काय होते ते पाहते. उंची बदलते, हात बदलतो, पडणारी वस्तू बदलते. माननीय सदस्यांचे वय या टप्प्याच्या पुढे गेले असले, तरी त्यांनी प्रयोग बंद केलेले नाहीत. सध्या अभ्यासविषय गुरुत्वाकर्षण नसून बाबांचा चेहरा हा आहे.

स्वयंपाकघरातल्या खालच्या कप्प्याचेही तसेच. महागडी खेळणी खोक्यात पडून राहतात आणि झारा, उलथने, कुकरची शिट्टी, मोदकपात्राची चाळण यांवर रोज कब्जा होतो. हे उधळेपणाचे लक्षण नव्हे. या वस्तू खऱ्या आहेत, मोठी माणसे त्या वापरतात, आणि त्या आपटल्यावर चांगला आवाज येतो. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले तेव्हा मुलांच्या मापाच्या टेबल-खुर्च्या आणि हात पोहोचेल अशी कपाटे केली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि 1957 पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करताना महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांवर बालशिक्षण उभे केले. त्यानंतर इतक्या वर्षांनी शहरातल्या दोन बेडरूमच्या घरात माननीय सदस्यांच्या हाताला आपणहून लागेल असे काय आहे, हे मोजले गेले. खालचा कप्पा, चपलांचे स्टँड आणि प्लग पॉइंट. पैकी तिसऱ्याला आता झाकण बसले आहे.

भोकाड पसरण्याची कारणे प्रौढांनी तपशीलवार दिली आहेत: बिस्कीट मोडले, केळे आईने सोलले, लिफ्टचे बटण दुसऱ्याने दाबले, सावली मागे येते. रागाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग या वयात अगदी कच्चा असतो आणि विशीच्या मध्यापर्यंत तयार होत राहतो. मनात येते ते सांगायला शब्दही पुरत नाहीत. तेव्हा मूल जमिनीवर आडवे पडते. ज्यांच्या मेंदूचा हा भाग पूर्ण तयार झालेला आहे, अशी माणसे सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या विषयावर काय करतात, याचे इतिवृत्त उपलब्ध असल्याने त्यावर येथे अधिक लिहिलेले नाही.

यावर प्रौढ जे उपाय योजतात ते मात्र तपासण्यासारखे आहेत. पूर्वी बागुलबुवा पुरत असे. आता पोलीसकाका, भंगारवाला आणि सुई टोचणारे डॉक्टर यांचीही नेमणूक झाली आहे. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर असतो. म्हणजे महिनाभर ज्यांचा धाक घातला त्याच डॉक्टरांकडे नेऊन ‘काही दुखणार नाही हं’ असे सांगायचे. ते दुखते. ‘बाबा खाली जाऊन येतो’ म्हणून गेलेला बाबा रात्री आठला उगवतो. खोटे बोलू नये हे वळण माननीय सदस्यांना पुढे शाळेत लावले जाणार आहे.

मोबाइलची तक्रार सर्वांत शेवटी आणि जरा खालच्या आवाजात आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे, की दुसरे वर्ष पूर्ण होण्याआधी स्क्रीन दाखवूच नये आणि नंतरही दिवसाला एक तासाच्या आत ठेवावे, त्याहून कमी तर उत्तम. माननीय सदस्य फोनशिवाय घास घेत नाहीत, हे खरे आहे. पहिला घास फोन दाखवून कोणी भरवला, हा प्रश्न विचारल्यावर सर्व प्रौढांनी एकमेकांकडे पाहिले.

एवढे करून दिवसभर हे सगळे निभावते कोण? मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी आईला 26 आठवड्यांची पगारी रजा आहे आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे बंधनकारक आहे. केंद्र सरकारी नोकरीत बापाला 15 दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापासाठी असा कायदाच नाही. उरलेला भार आजी-आजोबांवर पडतो. त्यासाठी ते साताऱ्याहून पुण्याला येतात, आणि मुलगी किंवा मुलगा न्यू जर्सीत असेल तर व्हिसाच्या सहा-सहा महिन्यांच्या हिशेबाने आधी एकीकडचे आणि मग दुसरीकडचे, अशी पाळी लावून तिकडे जातात. रिटायर झालेल्या माणसाला रोज सकाळी अर्धा तास घोडा व्हावे लागते, याची दखल कोणत्याही कायद्याने घेतलेली नाही. आजोबांनी याबाबत तक्रार केलेली नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

रात्री एकच गोष्ट सांगावी लागते आणि ती तशीच्या तशी सांगावी लागते. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा दाराशी आल्यावर चिमणी किती कामे काढते, त्यांतले एक जरी गाळले तरी माननीय सदस्य ताडकन उठून बसतात. पुढे काय येणार हे ठाऊक असण्यात मुलाला धीर वाटतो, आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकून नवे शब्द पक्के होतात. घरातला नियम एकाच व्यक्तीने काटेकोर पाळला असेल, तर तो हा. गाळण्याचा प्रयत्न दर वेळी प्रौढांकडून झालेला आहे.

यानंतर नर्सरीचे अर्ज निघतील. शिक्षणहक्क कायद्याचे 13 वे कलम प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी करायला मनाई करते. घरी येणाऱ्या पाहुण्यांना हे कलम लागू नसल्यामुळे ‘काकांना नाक दाखव’, ‘गाय कशी ओरडते?’, ‘हा कलर कुठला?’ या तोंडी परीक्षा चालू राहतील. उत्तर येत असूनही गप्प बसण्याचा माननीय सदस्यांचा अधिकार अबाधित आहे.

घरातील प्रौढ सदस्यांच्या वतीने,
(सही पेन सापडत नसल्याने प्रलंबित)

प्रत माहितीसाठी: आजी-आजोबा, दोन्हीकडचे; पाळणाघराच्या ताई; तळमजल्यावरच्या काकू, ज्यांचा अभिप्राय मागवलेला नसताना प्राप्त झाला आहे.