आषाढातला इसार

पन्हाळ्यावर बंगला कधी घ्यावा, या प्रश्नाला एजंट मंडळींचं एकच उत्तर असतं आणि ते बाराही महिने ताजं असतं: आत्ता. पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून आत्ता. पितृपक्षात गिऱ्हाईक नसतं, मालक ऐकून घेतो, म्हणून आत्ता. व्याज उतरलंय म्हणून आत्ता, आणि चढणार आहे म्हणून तर आत्ताच. उलट कोल्हापुरातला शहाणा माणूस सांगतो, ‘थांब जरा, दर पडणार आहेत.’ हा शहाणा माणूस स्वतः इतकी वर्षं थांबलाय की आता त्याला गड चढताना धाप लागते. माझ्या मते दोघंही चुकतात. दर कधी चढणार, कधी पडणार, हे गिऱ्हाइकाच्या हातात नाही. घर कोणत्या महिन्यात बघायचं, एवढंच त्याच्या हातात असतं. आणि तो महिना मे नव्हे, आषाढ.

आधी दराचं बघू. हौसेच्या घरांचा बाजार गुळाच्या सौद्यासारखा रोज वरखाली होत नाही. ज्याच्याकडे दरीकाठचा बंगला आहे, त्याला तो विकायची गरज क्वचितच असते. बाजार मंदावला की तो भाव उतरवत नाही, नुसता फोन उचलायचा थांबतो. ‘विकणे आहे’ची पाटी गंजते, आकडा गंजत नाही. अलिबागला नि गोव्यालाही हेच. मंदीत तिथं दर पडण्याआधी व्यवहार बंद पडतात. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, पण अलिबागच्या प्लॉटवाल्यांनी जाहिरातीत तो त्याच्या कितीतरी आधी बांधून टाकला होता. पूल झाल्यावर घेऊ म्हणणाऱ्यानं पुलाचे पैसे दोनदा भरले, एकदा टोलनाक्यावर आणि एकदा खरेदीखतात. थांबणाऱ्या गिऱ्हाइकाचं सगळ्यात मोठं उदाहरण मात्र पन्हाळ्याचंच आहे. सिद्दी जौहर मार्च १६६० मध्ये गडाखाली येऊन बसला, मालक टेकीला येईल म्हणून चार महिने बसून राहिला, पावसातही हलला नाही. जुलैमधल्या एका रात्री महाराज विशाळगडाकडे निघून गेले. सप्टेंबरात तहानं गड आदिलशाहीला मिळाला खरा, पण ज्यांच्यासाठी वेढा घातला ते केव्हाच निसटले होते. आणि पुढे मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी तोच गड परत घेतला. तात्पर्य काढायचंच तर सिद्दीच्या चिकाटीचं काढू नये, कोंडाजीच्या पाहणीचं काढावं. कुठून चढायचं हे त्याला ठाऊक होतं.

यावर पहिला आक्षेप तयार असतो: ‘आता गोष्ट वेगळी आहे. जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. आता दर आभाळाला भिडणार.’ भिडोत. पण बारा किल्ल्यांतला हा असा की ज्याच्या तटाच्या आत अख्खं गाव नांदतं, नगरपरिषदेसकट. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढचे दोनशे मीटर परवानगीचे, हा नियम २०१० च्या कायद्यातल्या दुरुस्तीपासून आहेच. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, अंधारबाव अशा एकेका ठिकाणी कंपासचं टोक रोवून वर्तुळं काढत गेलं, तर गडाच्या नकाशावर मोकळी जागा शोधायला भिंग लागेल. म्हणजे वारशानं वाढते ती किंमत, आणि त्याच वारशानं घटते ती मालकाची सत्ता. गळकं न्हाणीघर दुरुस्त करायलासुद्धा दिल्लीच्या नियमाचा विचार करावा लागेल, असं घर अभिमानाचं असतं, सोयीचं असेलच असं नाही. गडाखाली घ्यावं तर बहुतेक जमीन शेतीची. ती घ्यायला शेतकरी असावं लागतं. ही अट कोल्हापूरकराला फारशी जाचत नाही, कारण इथं डोळ्यांच्या डॉक्टरच्या नावावरही कुठंतरी चार गुंठे ऊस असतोच. पण बिगरशेती झाल्याशिवाय त्यावर बंगला नाही, आणि हद्दीची मोजणी झाल्याशिवाय शेजाऱ्याशी बोलणं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: वेळ साधली तर पैसे वाचतात, हे तरी खरं ना? खरं आहे. २०२० च्या सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत राज्य सरकारनं मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सवलत दिली होती आणि रेपो दर चार टक्क्यांवर होता. याहून चांगला योग पंचांगातही सापडणार नाही. समजा, एखाद्यानं तो साधला आणि डिसेंबरात पन्हाळ्यावरच्या घराचं खरेदीखत करून पेढे वाटले. पुढच्या जुलैत अतिवृष्टी झाली, चार दरवाजापाशी गडाचा मुख्य रस्ता खचला आणि पुढे कित्येक महिने नेहमीच्या वाटेनं गाड्या वर जाईनात. १८४४ मध्ये इंग्रजांनी तो चार दरवाजा पाडला होता. उरलेलं काम पावसानं केलं. रस्ता दुरुस्त होईतो रेपो दरही वर निघाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर जाऊन बसला. वाचवलेले तीन टक्के एकदाचे होते, हप्ता मात्र वीस वर्षांचा. मुहूर्त सगळे बरोबर निघाले, फक्त घराकडं जाता येत नव्हतं.

तिसरे लोक हिशेबी असतात. ते म्हणतात, घर भाड्यानं देऊ, आपोआप फिटेल. मग हिशेबच करू. एक कोटीचा बंगला धरा. तेच पैसे सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाला सात लाख. पाहुणे, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा वजा जाता मालक स्वतः वर्षातून वीस रात्री राहतो, असं उदारपणानं मानू. म्हणजे एका रात्रीचे पस्तीस हजार, वर माळी, राखणदार आणि दर पावसाळ्यानंतरचा रंग. एवढ्या पैशात झुणका-भाकर आणि दही घेऊन पुसाटी बुरुजावर अख्खी गल्ली जेवेल. भाडेकरू येतील, पण ते शनिवारी येतात, आणि मालकालाही शनिवारच हवा असतो.

मग घेऊच नये का? घ्यावं की. हौसेला मोल नसतं, फक्त तिची पाहणी नीट व्हावी. मे महिन्यात पन्हाळा दाखवणं म्हणजे विक्रेत्याचा डाव: खाली कोल्हापूर भाजत असतं, वर वारा असतो, आणि वाऱ्याची किंमत प्लॉटमध्ये धरली जाते. बाराही महिने वर राहणाऱ्यांचा अनुभव निराळा आहे. खुद्द दरबारानं १७८२ मध्ये राजधानी खाली कोल्हापुरात नेली. मोरोपंत जन्मले पन्हाळ्यावर, पण आर्या रचायला बारामतीत स्थायिक झाले. आषाढात दरी दिसत नाही, म्हणजे ‘व्हॅली व्ह्यू’चे वेगळे मोजलेले पैसे कशाचे ते कळतं. कोणती भिंत पाझरते, पाणी कुठून उतरतं, वाघबिळापासून वर यायला किती वेळ लागतो, वीज गेल्यावर ती परत कधी येते, हे सात-बारावर नसतं आणि सर्च रिपोर्टातही नसतं. तेव्हा इसार खिशात ठेवून मुसळधार पावसात एजंटला फोन करा आणि घर आज दाखवा म्हणा. बहुतेक जण ‘साहेब, दसऱ्यानंतर जाऊ’ म्हणतील. जो छत्री घेऊन वर येईल, त्याच्याशीच दराचं बोला.