नकलेचा नवा कारकून

चॅटजीपीटी नामक यंत्र मुलांना निबंध लिहून देते आणि त्यामुळे बालकांच्या नीतिमत्तेचा ऱ्हास होतो, अशी हाकाटी हल्ली शाळाशाळांतून ऐकू येते. परंतु ज्या महाराष्ट्रात मार्गदर्शकातील ‘पावसाळ्यातील एक दिवस’ मुखोद्गत करून अख्खा वर्ग एकाच सरीत भिजतो, आणि ज्याची त्याची आजी, मग ती साताऱ्याची असो वा सावंतवाडीची, पहाटे उठून तुळशीस पाणीच घालते, तेथे स्वतंत्र प्रतिभेच्या खुनाचा आरोप या नवागतावर ठेवावा, हे आमच्या अल्पमतीस रुचत नाही. आमच्या माहितीतील एका चिरंजीवांनी आपली आजी मिश्री लावते, पत्त्यांत लबाडी करते आणि सुनेच्या नावाने बोटे मोडते, असे स्वहस्ते व स्वबुद्धीने लिहिले, तेव्हा गुरुजींनी तांबड्या शाईने ‘मुद्दे सोडून लेखन’ असा शेरा मारून दहांपैकी तीन गुण त्यांच्या पदरात टाकले.

मनाईहुकूम काढावा, तर न्यूयॉर्क शहराच्या शिक्षणखात्याने जानेवारी 2023 मध्ये शाळांच्या संगणकांपुरता तो काढला आणि मे महिन्यात मागेही घेतला. यंत्राचे लेखन ओळखणारे दुसरे यंत्र आणावे, तर चॅटजीपीटी घडवणाऱ्या खुद्द ओपनएआय कंपनीने त्याच वर्षी नेमलेला असा पंचाक्षरी तिच्याच चाचणीत यंत्रलिखित मजकुरापैकी अवघा 26 टक्के ओळखू शकला, उलट माणसांनी लिहिलेल्यापैकी 9 टक्के मजकुरावर त्याने यंत्राचा शिक्का मारला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचे हे काम त्याने जेमतेम सहा महिने इमानेइतबारे केले आणि जुलैत कंपनीनेच त्याला घरी बसवले.

राहता राहिले गुरुजी. मतदारयाद्या, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहितीचे रकाने यांतून उसंत मिळाल्यास शिकवण्याचीही मुभा असलेल्या या सज्जनांनी सर्वंकष मूल्यमापनाच्या ‘वर्णनात्मक नोंदी’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तयार यादीतून उतरवल्या आणि वर्षभरात ‘हजर’ याखेरीज अवाक्षर न काढलेल्या मुलाच्या नावापुढे ‘स्वतःचे मत आत्मविश्वासाने मांडतो’ असे लिहिले, तर त्यांना दोष देण्याइतके आम्ही निर्दय नाही. आता तीच यादी यंत्राकडून मागवता येते, इतकेच.

सबब आमचा विनंतीअर्ज असा, की निबंध यंत्राने लिहावा, यंत्रानेच तपासावा, नोंद व अहवालही त्यानेच तयार करून वरिष्ठांच्या यंत्राकडे रवाना करावा, आणि या अवधीत गुरुजी व मुले यांना मैदानावर मोकळे सोडावे; अर्थात संस्थाचालकांनी ते लग्नकार्यासाठी भाड्याने दिलेले नसेल तर.